पॉइंटांसाठी पैसा फिरवला की बँक कार्ड का बंद करते

फोंड्याच्या आसपास कुठल्याही वाड्यावर हे चित्र दिसू शकतं. एक तरुण शेजारच्या बारा-चौदा घरांची वीजबिलं दर महिन्याला आपल्या क्रेडिट कार्डावर भरतो. शेजारी त्याला यूपीआयनं पैसे पाठवतात, कुणी हातात रोख देतं. शेजाऱ्यांची फेरी वाचते, वीज खात्याला पैसे वेळेत मिळतात आणि याच्या कार्डावर पॉइंट साठत जातात. कुणाचंच काही जात नाही असं वाटतं. मग आठ-दहा महिन्यांनी बँकेची मेल येते, की कार्डाचा वापर अटींना धरून दिसत नाही, खुलासा करा. खुलासा पटला नाही तर कार्ड बंद होतं आणि साठवलेले पॉइंटही जातात.

त्यानं चोरी केलेली नाही. तरीही बँकेच्या हिशेबात तो तोट्याचा ग्राहक का ठरला, हे कळायला पॉइंटांचे पैसे मुळात कोण देतं ते आधी पाहावं लागेल.

पैसा दुकानदाराच्या खिशातून येतो

पणजीत 18 जून रस्त्यावरच्या दुकानात तुम्ही 10,000 रुपयांची खरेदी करून कार्ड स्वाइप केलं. दुकानदाराच्या खात्यात पूर्ण दहा हजार जमा होत नाहीत. समजा त्याचं कमिशन 2 टक्के ठरलंय, तर त्याला 9,800 मिळतात. कापलेल्या 200 रुपयांचे तीन वाटे होतात: तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला मशीन देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपेसारखं नेटवर्क. सगळ्यात मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. तो 150 रुपये धरू. त्यातून ती तुम्हाला एक टक्का, म्हणजे 100 रुपयांचे पॉइंट देते. उरलेल्या पन्नासात तिचा खर्च, बुडीत आणि नफा बसवायचा.

आता 5 टक्के कॅशबॅकचं कार्ड घ्या. त्याच खरेदीवर बँक 500 रुपये देते आणि मिळवते 150. साडेतीनशे रुपये ती पदरचे घालते, कारण तिची नजर एका व्यवहारावर नसते. हा ग्राहक इतर ठिकाणीही कार्ड वापरेल, वार्षिक फी भरेल, गणेश चवथीला फ्रिज घेताना ईएमआय करेल आणि शंभरातले काही जण पूर्ण बिल न भरता व्याज देतील, हे तिनं धरलेलं असतं. ते व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वर, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांच्या पुढे जातं. पाच टक्क्यांच्या कॅशबॅकवर दरमहा कमाल मर्यादा असते ती याचसाठी. घरटी खर्चाचा अंदाज बांधून ती मर्यादा ठरवलेली असते.

हा अंदाज दोन प्रकारे मोडतो. जिथे बँकेला जवळपास काही मिळत नाही अशाच ठिकाणी सगळा खर्च झाला तर मोडतो: वीज-पाणी, कर, विमा, पेट्रोल. किंवा खरेदी म्हणून काही झालेलंच नसतं, फक्त पैसा कार्डातून निघून फिरून तुमच्याच खात्यात परत येतो. वाड्यावरचा तरुण पहिल्या प्रकारात येतो, शिवाय बिलं त्याची नाहीत. वैयक्तिक कार्ड हे स्वतःच्या आणि घरच्या खर्चासाठी आहे, इतरांसाठी किंवा धंद्यासाठी वापरता येणार नाही, हे बहुतेक कार्डांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं. आईवडिलांचं बिल भरलं तर कुणी विचारत नाही. एकाच कार्डावरून दर महिन्याला चौदा वेगवेगळे ग्राहक क्रमांक भरले गेले, तर ते बँकेच्या संगणकाला लगेच दिसतं.

चार आकड्यांचा कोड

प्रत्येक दुकानाच्या मशीनमागे चार आकडी कोड असतो, त्याला एमसीसी म्हणतात. 5411 म्हणजे किराणा, 5541 पेट्रोलपंप, 4900 वीज-पाणी, 6513 घरभाडं, 6540 वॉलेटमध्ये पैसे भरणं, 9311 कर, 7995 जुगार. मांडवीतल्या कॅसिनोत चिप्स घेतल्या आणि मशीनवर 7995 असेल, तर बहुतेक कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत आणि काही बँका तो व्यवहार रोख काढल्यासारखा धरून पहिल्या दिवसापासून व्याज लावतात.

बँक दुकानाची पाटी वाचत नाही, कोड वाचते. पंपाच्या आवारातल्या दुकानात तांदूळ घेतला आणि मशीन पंपाच्याच नावावर असेल तर तो तांदूळ बँकेला पेट्रोल म्हणून दिसतो. पळवाटा नेमक्या इथून निघतात. पॉइंट न देणारा खर्च पॉइंट देणाऱ्या कोडाखाली कसा न्यायचा, हा सगळा खेळ. आणि बँका त्या एकेक करून बुजवत आल्या आहेत. एचडीएफसी बँकेनं 1 जुलै 2025 पासून महिन्याला 10,000 च्या वर वॉलेट भरलं किंवा 50,000 च्या वर वीज-पाण्याची बिलं भरली तर 1 टक्का फी लावली. भाड्यावर अशी फी 2022 पासूनच येऊ लागली होती.

बाहेर देशांत हे आधीच होऊन गेलंय. अमेरिकेच्या टांकसाळीनं एक डॉलरची नाणी लोकांत खेळावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच द्यायला सुरुवात केली. लोकांनी ती क्रेडिट कार्डावर मागवली, खोकी तशीच बँकेत नेऊन भरली, कार्डाचं बिल चुकतं केलं आणि विमानाचे माइल्स, म्हणजे विमानप्रवासाला वापरता येणारे पॉइंट, ठेवून घेतले. 2011 च्या जुलैत टांकसाळीनं या योजनेसाठी क्रेडिट कार्ड घेणंच बंद केलं.

आपल्याकडे पैसा कसा फिरतो

सगळ्यात जास्त फिरवाफिरव घरभाड्याच्या नावाखाली झाली. भाडं भरायच्या ॲपमध्ये बायकोचं, आईचं किंवा मित्राचं खातं घरमालक म्हणून घालायचं, कार्डावरून भाडं पाठवायचं आणि दोन दिवसांनी ते परत घ्यायचं. हिशेब मांडून पाहा. पर्वरीतल्या फ्लॅटचं 25,000 भाडं दाखवलं. ॲपची फी दीड टक्का धरली तर 375 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 442 रुपये 50 पैसे. बँकेची 1 टक्का फी 250 आणि जीएसटी, म्हणजे 295. खर्च 737 रुपये 50 पैसे. एक टक्क्यानं पॉइंट मिळालेच तर 250, आणि भाड्यावर ते बहुतेक कार्डांवर मिळतच नाहीत. तरी लोक हे का करत होते? वर्षाला अमुक लाख खर्च केला की वार्षिक फी माफ किंवा मोठं व्हाउचर, तो टप्पा गाठण्यासाठी. शिवाय 45-50 दिवस बिनव्याजी रक्कम हाताशी राहते.

15 सप्टेंबर 2025 ला रिझर्व्ह बँकेनं पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीनं ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी, नवे निर्देश काढले. ज्याच्याशी थेट करार झालाय आणि ज्याची पूर्ण केवायसी झाली आहे अशा व्यापाऱ्यासाठीच पैसे गोळा करता येतील, असं त्यात आहे. साधा घरमालक व्यापारी म्हणून नोंदलेला नसतो. त्यामुळे मोठ्या ॲपनी कार्डावरून भाडं भरण्याची सोय बंद केली.

गोव्यात या प्रकाराला आणखी एक पदर आहे, तो फार कुणी सांगत नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्याला धरून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5ए घातलं गेलं, ज्याप्रमाणे पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं. म्हणजे बायकोच्या खात्यात जे 'भाडं' पाठवलं, त्यातला अर्धा भाग तुमच्याच विवरणपत्रात तुमचं घरभाड्याचं उत्पन्न म्हणून यायला हवा. स्वतःच भाडेकरू आणि स्वतःच अर्धे घरमालक! त्यावर घरभाडे भत्त्याची सूटही घेतली असेल, तर गोष्ट पॉइंटांपुरती राहत नाही. वर्षभरात रोख सोडून इतर मार्गानं 10 लाख किंवा त्याहून जास्त कार्डबिल भरलं गेलं की बँक ते आयकर खात्याला कळवते आणि तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते दिसतं. सहा लाखांच्या उत्पन्नावर अठरा लाखांची कार्डबिलं कशी भरली, हा प्रश्न मग बँक विचारणार नाही, आयकर खातं विचारेल.

दुसरा प्रकार सप्टेंबर 2022 मध्ये रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून आला. या कार्डावरून व्यक्तीला पैसे पाठवता येत नाहीत, फक्त दुकानाच्या क्यूआरवर भरता येतात. म्हणून कुणी घरच्या पत्त्यावर 'काजू व मसाले विक्री' अशी नोंद करून स्वतःच्या नावावर दुकानाचा क्यूआर काढतं आणि आपल्याच कार्डानं स्कॅन करत राहतं. सकाळी 1,990, दुपारी 1,950, संध्याकाळी 1,980. दोन हजारांच्या आत, कारण छोट्या दुकानदाराला तिथवर कमिशन पडत नाही. म्हणजेच बँकेलाही त्यातून काही मिळत नाही. इथे पकडलं जायला काहीच वेळ लागत नाही. क्यूआरचं खातं आणि कार्ड यांचा पॅन एक, मोबाइल क्रमांक एक, फोन एक आणि त्या दुकानात येणारं गिऱ्हाईकही एकच. कार्ड देणारी बँक आणि क्यूआर देणारी कंपनी दोघांच्या यंत्रणा हे वेगवेगळं हेरतात.

ओळखीच्या दुकानात स्वाइप करून रोख घेणं हा तर जुना प्रकार. दोन-तीन टक्के कापून दुकानदार नोटा देतो. क्रेडिट कार्डावर दुकानातून रोख द्यायला परवानगीच नाही; मशीनवरून थोडी रोख देण्याची जी सोय आहे ती डेबिट कार्डांसाठी आहे. यात तुमच्याआधी दुकानदार अडकतो. म्हापशातलं एखादं हार्डवेअरचं दुकान महिन्याला साठ हजारांचं कार्ड-कलेक्शन करत असताना अचानक आठ लाखांवर गेलं, रकमा 50,000, 50,000, 49,000 अशा, कार्डं तीच तीन आणि वेळ दुकान बंद झाल्यानंतरची, तर मशीन देणारी बँक आधी त्याचे पैसे अडवून ठेवते, मग मशीन उचलते. पुढे त्याला दुसरीकडून मशीन मिळणंही अवघड होतं.

आणि सेलमधले फोन. दिवाळीआधीच्या ऑनलाइन सेलमध्ये कार्डावर सूट असते. कुणी ओळखीचा म्हणतो, तुझ्या कार्डावर चार फोन घेऊ, मी पूर्ण पैसे देतो, वर फोनमागे हजार. चारांचे चौदा होतात. पत्ते मडगाव, वास्को, थेट बेळगावचे. बिलावर दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक. बँकेला हा धंद्याचा वापर दिसतो आणि तो खराच धंद्याचा असतो. पण यात कार्ड बंद होण्याहून मोठी भीती आहे: समोरच्यानं एका खेपेचे पैसे दिले नाहीत, तर आठ लाखांचं बिल तुमचं आहे, त्याचं नाही. ओटीपी तुम्ही दिलाय, त्यामुळे फसवणुकीची तक्रारही टिकत नाही.

विमानतळावरच्या लाउंजबद्दल थोडक्यात. दाबोळी आणि मोपा विमानतळांवर कार्ड स्वाइप करून दोन रुपयांत नाश्ता-जेवण होतं म्हणून कार्डं घेणारे वाढले, तसं बहुतेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च असेल तरच प्रवेश ठेवला. यात कार्ड बंद होत नाही, फक्त सवलत आटते.

बँकेला काय दिसतं

एका व्यवहारावरून कुणी कार्ड बंद करत नाही. एकूण वापराचा ठसा पाहिला जातो. एक लाखाचं लिमिट असून महिन्यात चार लाख खर्च, म्हणजे मध्येच बिल भरून लिमिट चार वेळा फिरवलं. आधीच जास्त पैसे भरून लिमिट फुगवलं. गोल आकड्यांच्या रकमा. कॅशबॅकची कमाल मर्यादा दर महिन्याला शेवटच्या रुपयापर्यंत वापरायची आणि त्यापलीकडे एकही व्यवहार नाही. किराणा नाही, दवाखाना नाही, हॉटेल नाही, फक्त व्हाउचर आणि वॉलेट. खऱ्या घराचा खर्च असा नसतो. त्यात मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी येते, चवथीला उसळी येते, जूनमध्ये शाळेची फी येते, मधला एखादा महिना कोरडा जातो. या चढउतारामुळेच वर्षात एखाद्या महिन्यात तीन लाखांचा खर्च झाला तरी बहुधा कुणी काही विचारत नाही.

एवढ्यावरून हेही स्पष्ट व्हावं की ऑफर नीट वाचून वापरणं गैर नाही. किराण्याला एक कार्ड, पेट्रोलला दुसरं, 10 टक्के सूट असेल त्या दिवशी टीव्ही घेणं, स्वतःला लागणारं व्हाउचर जास्त पॉइंटांवर घेणं, हे सगळं बँकेनं तुमच्यासाठीच ठेवलेलं आहे. ते जरूर घ्यावं. प्रश्न एवढाच विचारायचा, की या व्यवहारातून कुणाला काही वस्तू किंवा सेवा मिळाली का, आणि ती माझ्या घराला लागणारी होती का. खोटा भाडेकरार किंवा खोटं बिल जोडलं, की मामला अटींच्या भंगाचा राहत नाही, तो बनावट कागदपत्रांचा होतो.

बंद होतं म्हणजे काय काय जातं

सहसा पायऱ्यापायऱ्यांनी होतं. आधी स्टेटमेंटमध्ये पॉइंट कमी दिसतात किंवा दिलेले परत कापले जातात, शिल्लक उणे होते. मग पॉइंट वापरायची सोय थांबते. मग बिलं मागणारी मेल. मग लिमिट कमी. शेवटी कार्ड बंद, आणि त्याच खात्यावरची घरच्यांची ॲड-ऑन कार्डंही त्याबरोबर. पॉइंट ही तुमची ठेव नाही. अटींमध्ये बँक ते रद्द करण्याचा हक्क राखून ठेवते, म्हणून दोन-तीन लाख पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. जमतील तसे वापरत जावेत.

थकबाकी मात्र जशीच्या तशी देणं लागते आणि चालू ईएमआय एकदम मागितले जाऊ शकतात. कार्डावर लावलेला विम्याचा हप्ता गुपचूप परत जातो आणि पॉलिसी खंडित होते, हे लोकांच्या लक्षात महिन्याभरानं येतं.

सिबिलवर, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात त्या स्कोअरवर, परिणाम कसा होतो ते आकड्यांत बघू. दोन कार्डं आहेत, लिमिट 3 लाख आणि 1 लाख. वापर साधारण 40,000. चार लाखांपैकी चाळीस हजार म्हणजे 10 टक्के. मोठं कार्ड बंद झालं आणि तोच खर्च छोट्या कार्डावर आला की वापर 40 टक्के दिसतो. एक रुपयाही जास्त न खर्चता स्कोअर खाली येतो, आणि तो नेमका घराचं कर्ज काढायच्या वेळी खाली आलेला असू शकतो.

मेल आलीच तर

त्या दिवसापासून तो वापर थांबवा. घाबरून सगळे पॉइंट एका रात्रीत उडवू नका, त्यानं संशय पक्का होतो. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, कारण कार्ड बंद झाल्यावर ॲपमध्ये ती दिसेनाशी होतात. खरे व्यवहार असतील त्यांचे पुरावे जमवा: स्वतःच्या नावाचं बिल, घरपोच मिळाल्याची नोंद, भाडं खरं असेल तर करारपत्र आणि घरमालकाचा पॅन. उत्तर लेखी द्या, मुदतीत द्या, आणि जे झालं ते खरं सांगा. शेजाऱ्यांची बिलं भरली असतील तर तसं लिहून पुढे करणार नाही असं कळवा. काही वेळा एवढ्यावर फक्त पॉइंट कापून विषय मिटतो. विम्याचे आणि फोनचे हप्ते त्याच आठवड्यात दुसऱ्या कार्डावर किंवा खात्यावर हलवा.

कार्ड बंद झालंच, तर थकबाकी भरून कार्ड बंद केल्याचं आणि येणं शून्य असल्याचं पत्र घ्या. जास्तीचे भरलेले पैसे असतील तर ते तुमच्या बचत खात्यात परत मागा. ते तुमचेच आहेत, पॉइंटांसारखे नाहीत.

तक्रार करायची तर आधी बँकेकडे लेखी करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पोर्टल ऑनलाइन आहे, फोन 14448. पण कशाबद्दल जायचं ते नीट ठरवा. बँकेचा व्यावसायिक निर्णय हा लोकपालाच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे, त्यामुळे 'माझं कार्ड पुन्हा सुरू करा' ही मागणी बहुधा टिकणार नाही. चुकीची फी लावली, जमा रक्कम परत दिली नाही, सिबिलला चुकीची नोंद पाठवली, या तक्रारी टिकतात.

आणि ती नोंद तपासायचीच असते. कार्ड बंद झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी अहवाल काढा. चारही संस्था, म्हणजे सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. खातं 'बंद' आणि येणं शून्य असं दिसायला हवं. 'सेटल्ड' (तडजोडीनं कमी पैसे भरून मिटवलं) किंवा 'रिटन ऑफ' (बँकेनं बुडीत धरलं) दिसलं तर येणं शून्य असल्याचं पत्र जोडून त्याच दिवशी दुरुस्तीची मागणी नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे, म्हणून मागणीची तारीख आणि क्रमांक जपून ठेवा.